तार सरकते कुठे

२ ऑगस्ट १९९९, सोमवार

काल पुन्हा उतरली! तिसऱ्याच गाण्यात. बेस गिटारची जाडी तार, भर स्टेजवर, अर्धा सूर खाली. मी दाबतेय सा आणि बाहेर येतोय नी. गाणारी क्रांती गाता गाता मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिच्या साडीवर चहा सांडलाय. बाईसाहेब स्वतः आयुष्यात एकदा तरी सुरात लागल्या असतील तर शपथ.

मध्यंतरात हंबीरराव विंगेत हजर. ऑर्केस्ट्रा त्यांचा, माईक त्यांचे, आणि रोजचा तो एकच पिस्ता रंगाचा सफारीही त्यांचाच. "दानेश्वरी, ह्ये डबडं नीट कर. न्हायतर बेस ऋतुराजच्या डाव्या हातावर टाकतो बघ. कीबोर्डात सगळं असतंय आता."

ऋतुराज म्हणजे आमचा कीबोर्डवाला. बावीस वर्षांचा, केसांना जेल, डाव्या हाताची दोन बोटं चालतात, तीही एकाच जागी. ह्या दोन बोटांवर माझी सात वर्षं टाकणार!

आणि बाकीचे? ढोलकीवाला मायेने म्हणतो, "बाईच्या हाताला जोर कमी पडतोय, दुसरं काय. तार पिळायला मनगाट लागतंय." रोज चार पोती डोक्यावर वाहणाऱ्या बाया बघतो हा बाजारात. पण तार पिळायची म्हटलं की मनगट पुरुषाचंच.

एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे हे सगळं कशासाठी चाललंय ते विसरायला नको. बेस गेला तर माझ्याकडे उरते ती एसटी स्टँडची चौकशी खिडकी. सकाळी सहा ते दोन. "गारगोटी कितीला?" डोक्यावर हातभर अक्षरांत पाटी लावलेली. वाचायची नाही, विचारायचं. तेहतिसाव्या वर्षी एवढंच. मला भीती वाटते त्याची.

४ ऑगस्ट, बुधवार

काल संध्याकाळी सुरात लावून, कापड घालून कोपऱ्यात उभी केली होती. आज ड्यूटीवरून आले, कापड काढलं, छेडली — ढब्ब! चारी तारा ढिल्या. दोन सूर खाली.

स्टेज नाही, बस नाही, धक्का नाही. म्हणजे तारा खुंटीवरून सरकतात. चावी फिरवली की खुंटी फिरते, खुंटीला तार गुंडाळलेली असते — एवढं साधं यंत्र, आणि तेही ह्या देशात धड चालत नाही.

आण्णांना विचारलं, "गिटार पाडलीत का?"

"न्हाय बा. पाडतो कशाला." पेपरातून मान वर नाही.

आण्णा, माझे वडील, जूनपासून माझ्याकडे राहायला आलेत. गडहिंग्लजचं कापडदुकान काकांच्या हवाली करून. माझी बहीण जयसिंगपूरला, तिच्याकडे चार खोल्या, अंगण, नातवंडं. पण नाही, राहायचं माझ्या दीड खोलीत! सात वर्षांत एक कार्यक्रम बघितला नाही. नाव घेतलंच तर "त्ये लाकूड". त्यांनी हात लावायचा प्रश्नच नाही. विटाळ होईल.

५ ऑगस्ट, गुरुवार

कृष्णातचं दुकान. हार्मोनियमचा भाता, ढोलकीची शाई, आणि मधेच हिंमत झाली की माझी गिटार. वडील बँडमध्ये वाजवायचे, तेव्हापासून भिंतीवर एक चेपलेलं पितळी वाद्य टांगलंय. जूनमध्ये नव्या तारा ह्यानेच घातल्या. आणि हे उतरणं सुरू झालं तेही जूनपासून. आता ह्यात विचार करण्यासारखं काय उरलं?

चष्मा कपाळावर चढवून त्याने खुंट्या बघितल्या. मग परत बघितल्या. मग तिसऱ्यांदा. बघून तार घट्ट होत असती तर एव्हाना तुटली असती.

"मॅडम, एक तार सरकली तर समजतो. चारीच्या चारी सारख्याच कशा सरकतील?"

"एकाच पाकिटातल्या आहेत म्हणून."

"तसं नसतंय हो."

"मग कसं असतंय, सांग की."

डोकं खाजवत बसला. तारा काढून परत घातल्या. घालताना तोंड चालू — तार आधी भोकात घालायची, वाकवायची, मगच कापायची. आधी कापली की तिच्या अंगावरचा पीळ उसवतो. वेढे तीन, वरून खाली, एकावर एक चढू द्यायचे नाहीत. मला शिकवतोय! मी हे काम करत होते तेव्हा हा बँडमागून ढकलगाडी ढकलत होता.

६ ऑगस्ट

दोन सूर खाली. शाब्बास कृष्णात.

१० ऑगस्ट, मंगळवार

आता माझी मीच. तारा उतरवल्या, खुंट्या पॉलिशपेपरने खरवडल्या. चकाकी गेली, बोटांची सालं गेली. तार चढवली. ओढून बघितली, दगडासारखी घट्ट. ढोलकीवाल्याचं मनगट आणून पिळलं असतं तरी हलली नसती.

ऋतुराज म्हणाला, "खडू लावा की. मिरजेत सतारवाले खुंटीला खडू लावत्यात."

अरे गाढवा, त्यांच्या खुंट्या लाकडाच्या. लाकूड लाकडात फिरतं, तिथे खडू धरतो. इथे लोखंडावर खडू लावून काय शाळा भरवायची आहे?

(लावला. घरात कोणी बघत नव्हतं.)

११ ऑगस्ट

खडू लागला तो फक्त माझ्या काळ्या ड्रेसला. तारा खाली.

१४ ऑगस्ट, शनिवार

लिहायची लाज वाटते, पण ही वही दुसरं कोण वाचणार? दोन मिनिटांत चिकटणारी ट्यूब आणली. तारेचं टोक खुंटीच्या भोकात चिकटवून टाकायचं, मग सरकून दाखव म्हणावं! पहाटे घाईत हे करताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली. तशीच ड्यूटीवर. चौकशीच्या खिडकीत मी ध्यान लावल्यासारखी बोटं जुळवून बसलेले आणि समोर एक आजोबा — "ताई, गडहिंग्लज कितीला?" मी त्याच हाताने वर पाटी दाखवली. त्यांनी नमस्कार केला!

दुपारी घरी आले. टोक चिकटलेलं जसंच्या तसं. आणि तारा? खाली. चिकटवलेली तार सरकली! मी चक्क जमिनीवर बसून रडले. रागाने. आण्णा दारात उभे राहिले, म्हणाले, "दानव्वा, चा करू?" दानव्वा! मला शंभर वेळा सांगून झालंय त्यांना, असं हाक मारू नका म्हणून.

चहात साखर विसरले.

१६ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. आण्णांची एकतारी भिंतीवरून खाली उतरली. कपाळाला विभूती, धुतलेलं धोतर, भजनाला निघायची तयारी. आणि मग पाव तास सूर लावणं. एकाच तारेचा! मी चार तारा दोन मिनिटांत लावते. आल्यावर ती फडक्यात गुंडाळून पुन्हा खिळ्याला. माणसांपेक्षा लाकडाचे लाड. आईला कधी इतक्या हळू हाताने पाणी दिल्याचं मला आठवत नाही.

गडहिंग्लजहून येताना काय आणावं माणसाने? एक ट्रंक, ही एकतारी, आणि आज्जांची मोडकी वीणा. मान धनुष्यासारखी वाकलेली. ती माझ्या कपाटावर. "माज्या हातनं बिगडली ती," म्हणाले. पुढे काहीतरी सांगायला लागले होते — एका उन्हाळ्याचं. मी म्हटलं, मला उशीर होतोय. होत नव्हता. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या बिघडलेल्या वीणेचं मी काय करू? माझी आज बिघडलेली बघा की आधी.

२० ऑगस्ट, शुक्रवार

उद्यमनगरात सयाजी मिस्त्रीच्या लेथवर गेले. चार खुंट्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, ह्यांना मधोमध खाच मार, तार तिथे बसून राहिली पाहिजे.

त्याने एक खुंटी नखावर घेतली. "ह्ये कशाचं हाय?"

"गिटारचं."

"ही मोठी असती त्ये?"

"हो."

"बाईमाणूस असून?"

ऑईलपंपाचे दांडे कापणारा माणूस. त्याला गिटार माहीत नाही, पण बाई ती वाजवू शकत नाही एवढं माहीत आहे! मान्य करते, हात मात्र सोन्याचा. केसाएवढी खाच, चारींवर सारखी. "आता तिचा बा बी सरकत न्हाय," म्हणाला.

तिथूनच घरी न जाता सरळ स्टँडवर गेले. शनिवार-रविवार जयसिंगपूरला दोन कार्यक्रम आहेत, मुक्काम आक्काकडे. तारा बसमध्येच चढवल्या. शेजारची बाई पूर्ण वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, "मासं पकडायचं हाय काय?"

२३ ऑगस्ट, सोमवार

नाही उतरली!!

शनिवारी नाही. रविवारी नाही. आक्काच्या घरी दोन्ही दिवस सकाळी उठल्या उठल्या छेडून बघितली — जागच्या जागी. घंटेसारखी. क्रांती एकदासुद्धा मागे वळली नाही. सवयीने वळायची, वळून बघायला काही सापडत नाही, मग आपली पदर सारखा करायची. हंबीरराव म्हणाले, "बरं वाजलं आज." त्या माणसाच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

ढोलकीवाल्याला मी नुसतं मनगट दाखवलं.

सयाजीला नारळ द्यायला पाहिजे. कृष्णातला त्याच नारळाने — जाऊ दे.

आक्का म्हणत होती, आण्णा बारीक झालेत का गं? मी म्हटलं, तुझ्याकडे घेऊन ये, कळेल. तर म्हणते, "मी बोलावलं. पाया पडून बोलावलं. तेच म्हणाले, मला धाकटीकडं जायचंय." का ते त्यांनाच माहीत. मला खिजवायला, दुसरं काय?

२५ ऑगस्ट, बुधवार

खाली.

२६ ऑगस्ट, गुरुवार

काल रागाने लिहवलं नाही. आज लिहिते. परवा घरी आणली, सुरात लावली, कोपऱ्यात ठेवली. काल दुपारी दोन सूर खाली. आज पुन्हा दोन सूर खाली. तिचा बा बी सरकत न्हाय म्हणे! सयाजी मिस्त्रीची खाच जयसिंगपूरपुरती होती वाटतं. हद्द ओलांडली की संपली.

आमची गल्ली खड्ड्यात, तिथला ओलावा असेल. नाहीतर घरच तसलं असेल. ह्या घरात काहीच ताठ राहत नाही — दाराची चौकट फुगते, बिस्किटं मऊ पडतात, तारा उतरतात.

स्टेजवर जायच्या आधी मी ताणून सुरात आणतेच. प्रश्न तो नाही. पण अशी ताजी ताणलेली तार तिथे दोन-तीन गाण्यांत परत खाली बसते. जुन्या गादीसारखी.

२९ ऑगस्ट, रविवार

पुन्हा कृष्णात. दुसरं कोण आहे ह्या गावात? ह्या वेळेस त्याने डोकं चालवलं, निदान तसं त्याला वाटलं. नव्या तारा घातल्या, तीन वेढे, वरून खाली. मग बायकोची नेलपॉलिश मागवली. लाल! प्रत्येक खुंटीच्या माथ्यावर एक ठिपका, आणि त्याला लागून तारेवर एक ठिपका.

"तार सरकली तर ठिपकं येकमेकाला सोडतील. न्हाय सोडलं तर तार जाग्यावर हाय. दोन दिस बघा आन् या."

गिटार आहे का हळदीकुंकवाची बाई? पण तशीच घेऊन आले.

३१ ऑगस्ट, मंगळवार

तारा दोन सूर खाली. ठिपक्याला ठिपका चिकटून. जराही हलला नाही.

तशीच उचलून दुकानात गेले. दुकानात चार माणसं होती, एक भजनी मंडळ पेटी बघायला आलेलं. कृष्णातने ठिपके बघितले. मान हलवली, आनंदाने!

"बघा, म्हटलं नव्हतं? तार खुंटीवरनं सरकतच न्हाय. जाग्यावर हाय. खुंटीच फिरलीया."

"मग खुंटी का फिरते?"

"ती आपुआप फिरत न्हाय मॅडम. आत पिळाचा दांडा आन् त्यात अडकल्यालं दातेरी चाक असतंय. चावी फिरवली तर खुंटी फिरती. खुंटीला कितीबी ओढा, चावी फिरत न्हाय. चारी चाव्या कुनीतरी हातानं फिरवतंय. सारख्या मापानं. मोजून."

म्हणजे कोण? घरात मी आणि एक सत्तर वर्षांचा म्हातारा, जो त्या गिटारकडे बघतसुद्धा नाही! म्हणजे मीच की. मीच उतरवते आणि मीच ओरडते — असंच म्हणायचं होतं ना त्याला? रागात माझं कोल्हापुरी बाहेर येतं, 'करते'चं 'करतो' होतं. "मी खोटं बोलतो व्हय रे? मला खूळ लागलंय व्हय? स्वतःला काम येत न्हाय म्हणून गिऱ्हाइकावर ढकलतोस?"

तो म्हणाला, "तसं न्हाय म्हटलं मी —"

आणि मी म्हटलं, "लग्नात बँड वाजवत हिंडणाऱ्यांना बेस काय कळणार!"

भजनी मंडळातला एकजण पेटीवर बोट ठेवून तसाच राहिला. कृष्णातने भिंतीवरच्या त्या चेपलेल्या पितळी वाद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा वाजवायचे, व्हय," एवढंच म्हणाला. आणि नेलपॉलिशची बाटली बंद केली.

बोलायला नको होतं. पण बोलले. आणि चुकीचं काय बोलले?

१ सप्टेंबर

चुकीचं बोलले. पण माफी मागायला जाणार नाही. आधी काम नीट करावं माणसाने.

१२ सप्टेंबर, रविवार

उद्यापासून गणपती. दहा दिवसांत सात कार्यक्रम. हंबीररावांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "एकोणीसला गारगोटी. मोठा कार्यक्रम हाय, लांबनं लोकं येत्यात. तितं उतरली तर विषय बंद, दानेश्वरी. मग मला काय सांगू नको."

ऋतुराज डाव्या हाताची बोटं मोडत होता. मुद्दाम. कट् कट्.

१५ सप्टेंबर

दोन कार्यक्रम झाले. दोन्ही वेळा गाण्यांच्या मध्ये पाठ फिरवून चावी पिळत राहिले. पाठमोरी बघून पहिल्या रांगेतली कार्टी ओरडली, "ओ म्यॅडम, इकडं बघा की!" मी मूर्खांच्या गर्दीसाठी वाजवते, हे मला माहीत आहे. तरी वाजवायला मिळावं म्हणून जीव काढते. मग मोठी मूर्ख कोण?

१८ सप्टेंबर, शनिवार

उद्या गारगोटी. आज संध्याकाळी सगळं सावकाश केलं. एकेक तार. भोकात घातली, वाकवली, मग कापली. तीन वेढे, वरून खाली, एकावर एक नाही. अगदी कृष्णातने सांगितलं तसं. (हो, त्याचंच. लिहायला काय जातंय?) सुरात लावली. हाताने ओढून ताण दिला, पुन्हा लावली. पुन्हा ताण, पुन्हा लावली. तासाभराने तार हलायचीच बंद झाली. आता कितीही ओढा! मग पिशवीत घातली, चेन लावली.

आण्णा खाटेवरून सगळं बघत होते. "उद्या कुठं?"

"गारगोटी."

"लांब हाय."

"तुम्हाला कुठे यायचंय?"

त्यांनी पेपर उघडला. मला त्या वेळी तरी वाटत होतं की त्यांनी "येतो" म्हणावं. हे मी फक्त इथे लिहितेय.

२० सप्टेंबर, सोमवार

संपलं.

काल सकाळची ड्यूटी होतीच, सणाला सुट्टी कोण देतो? दोनला सुटले, घरी येऊन पिशवी खांद्याला लावली आणि पळाले. पिशवी उघडली ती थेट गारगोटीच्या स्टेजमागे. चारी तारा दोन सूर खाली. बंद पिशवीत! लावलेल्या चेनच्या आत! मी घामाने भिजले. ताणल्या, सुरात आणल्या, देवाचं नाव घेतलं. मी! देवाचं!

पहिलं गाणं ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्यात जाडी तार बसली. चौथ्यात तिच्या शेजारची. क्रांती चक्क थांबली. गाणं मधेच थांबवून माईकवर म्हणाली, "जरा सूर लावू द्या हं आमच्या ताईंना." हजार-दोन हजार माणसं हसली. मागून कुणी शिट्टी मारली.

हंबीरराव ओरडलेसुद्धा नाहीत. विंगेतून हाताने खूण केली — मला, बाहेर ये. ऋतुराजला, तू घे. आणि त्याने घेतलं. दोन बोटांनी. आणि कुणालाच फरक पडला नाही! त्याच टाळ्या, त्याच शिट्ट्या, तेच पोरांचं नाचणं. मी स्टेजमागे खुर्च्यांच्या ढिगावर बसून ऐकत होते. सात वर्षं मी जे वाजवलं ते कुणी ऐकतच नव्हतं की काय?

परतताना गाडीत ढोलकीवाल्याने शेंगदाणे पुढे केले. मनगटाबद्दल काही बोलला नाही. त्याच्या त्या न बोलण्याचा जास्त राग आला.

२१ सप्टेंबर

"ताई, जयसिंगपूर कितीला?" — "पाटी वाचा." — "चष्मा घरी राहिला." — सगळ्यांचाच राहतो.

३ ऑक्टोबर, रविवार

गिटारवर दोन आठवडे धूळ. हात लावला नाही. कोपऱ्यात सारखी नजरेला पडते, म्हणून ठरवलं — देऊन टाकायची. स्टँडवरच्या कंडक्टर वीरेशला म्हटलं, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ. त्याला गावात वाद्यवाला एकच माहीत! कृष्णातलाच जाऊन सांगून आला. म्हणे येत्या रविवारी न्यायला येतो. त्याच्याकडे कुणी शिकणारं आहे म्हणे, गरज आहे.

येऊ दे. उचल म्हणायचं, न्यायला सांगायचं. चहासुद्धा विचारायचा नाही.

आण्णांना सांगितलं, लाकूड जाणार आहे, तुमची खोली मोकळी होईल.

"कुणाला देतीस?"

"नेणाऱ्याला."

"त्येला म्हायती हाय का, कशी ठिवायची त्ये?"

"तुम्हाला माहिती आहे वाटतं!" मी म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं. मग उगाचच कपाटावरची ती वाकडी वीणा काढली, पुसली आणि परत ठेवली. सात वर्षांनी आज हा जिव्हाळा! तोही गिटार जाणार म्हटल्यावर. सुटलो एकदाचा, असं मनात म्हणत असणार.

१० ऑक्टोबर, रविवार

कृष्णात आला. मी बसा म्हटलं नाही. आण्णा आतून गिटार घेऊन आले, दोन्ही हातांवर आडवी धरून, तान्हं मूल आणतात तशी. त्याच्या हातात देताना, मी मागेच उभी आहे हे न बघता, हळूच म्हणाले —

"ताणून ठिवायची न्हाय, पावणं. वाजवून झालं की सकाळी चारी चाव्या चार-चार फेरं सैल करायच्या. मोजून. बाच्या वीणेची मान माज्या हातनं वाकली, येक उन्हाळा ताणून ऱ्हायली म्हणून. बानं परत हात लावू दिला न्हाय. हिची मान सरळ हाय बघा. जूनपासनं येक दिस चुकलो न्हाय, दानव्वा ड्यूटीला गेली की करतो. तिला बोलू नका. तिच्या वस्तूला मी हात लावल्यालं तिला खपत न्हाय."

कृष्णातने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. आता हा बोलणार, सगळं, असं वाटलं.

तो आण्णांना म्हणाला, "चार फेरं. बरं झालं सांगितलं, आण्णा." आणि गिटार खाटेवर ठेवली. "मॅडम, आज सायकल आणलीया. असू दे हितंच." आणि गेला.

आण्णा म्हणाले, "न्हेली न्हाय?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. तुम्ही सैल करा, मी लावतो."

उद्याची रजा टाकली. कृष्णातचं दुकान दहाला उघडतं.